निनावी हाक

जळकोट हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत ते वसलेले आहे. भोवती लहान लहान वाड्या आणि तांडे विखुरलेले आहेत. ह्या मुलखात एखादा परका माणूस दाराशी येऊन उभा राहिला, तर घरातील वडीलधारे माणूस त्याला विचारते, "कोण गावचे पाव्हणे?" मागोमाग दुसरा प्रश्न येतो, "कोणाकडे आलात?" तहानलेला असेल तर पाण्याचा तांब्या त्याच्या पुढे आधी ठेवला जातो, त्यासाठी नावाची अट नसते. परंतु घरात येऊन बसावयाचे आणि चार गोष्टी बोलावयाच्या, तर नाव व गाव सांगितलेच पाहिजे. ह्या विचारण्यात कोणी कोणाचा अपमान मानीत नाही. उलट, जो नाव सांगावयास कांकूं करतो, त्याच्याविषयी घरातील लहान मूलही सावध होते.

आता तोच परका माणूस मोबाइलवरून आला तर काय घडते ते पाहावे. फोन वाजतो. घरचा माणूस तो उचलून "हॅलो" म्हणतो. पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, "कोण बोलतंय?" म्हणजे दार ठोठावणाराच घरधन्याला त्याचे नाव विचारतो! आणि नवलाची गोष्ट अशी की घरधनी ते निमूटपणे सांगतो. नावापुढे गाव सांगतो, घरात आणखी कोण आहे तेही सांगतो, आणि एवढे झाल्यावर मग त्याच्या लक्षात येते की आपण हे कोणाला सांगितले ते आपल्याला ठाऊकच नाही. दारावरची जी रीत आपल्या पूर्वजांनी इतक्या शहाणपणाने घालून दिली, ती फोनच्या बाबतीत आपण उलटी करून टाकली आहे. निनावी फोनांपासून होणाऱ्या बहुतेक त्रासाचे मूळ ह्या उलट्या रीतीत आहे.

ही रीत उलटी कशी झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. भारतात दूरध्वनीची केंद्रे १८८२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे सुरू झाली. त्या काळी क्रमांक फिरवून थेट बोलता येत नसे. केंद्रात बसलेला माणूस दोन तारा जोडून देई, तेव्हा संभाषण सुरू होई. पुढे स्थानिक क्रमांक थेट फिरविण्याची सोय झाली, तरी परगावी बोलावयाचे तर कितीतरी वर्षे ट्रंक कॉल नोंदवावा लागे आणि तो केंद्रातील माणसाच्या हातूनच जोडला जाई. खेड्यापाड्यांत तर फोन एखाद्याच घरी असे. शेजारपाजारची मंडळी आपल्या पत्त्याखाली त्याच घरचा क्रमांक देत आणि त्यापुढे "पी. पी." अशी दोन अक्षरे लिहीत. अशा वेळी फोन आला की त्या घरचा माणूस प्रथम विचारी, "आपण कोण? काय निरोप देऊ?" आणि मगच शेजाऱ्याला हाक मारी. सांगावयाची गोष्ट अशी की बोलणारा व ऐकणारा ह्यांच्यामध्ये बहुधा तिसरे एक माणूस उभे असे. ते माणूस म्हणजे एक प्रकारचा उंबरठाच होता.

मोबाइल आला आणि हा उंबरठा नाहीसा झाला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले. भारतातील ते पहिले मोबाइल संभाषण होय. आरंभीच्या वर्षांत फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत, म्हणून लोक आपला क्रमांक जपून देत. मे २००३ पासून पैसे केवळ फोन करणाऱ्याने द्यावयाचे ठरले. ही सोय चांगलीच झाली, परंतु तिच्याबरोबर क्रमांक जपण्याची सवयही गेली. आज जळकोटच्या बाजारात उभा असलेला शेतकरी, तांड्यावरची आजी आणि कॉलेजात जाणारी मुलगी ह्यांच्या खिशात किंवा पिशवीत, जगातील कोणत्याही अनोळखी माणसाला ठोठावता येईल असे एक दार सदैव असते.

ह्या दारावर येणारे सगळेच त्रासदायक नसतात. एखाद्याकडून आकडा चुकतो आणि फोन भलतीकडे लागतो. "चुकून लागला," असे म्हणून तो ठेवून देतो. त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार मालाची जाहिरात करणाऱ्यांचा. कर्ज घ्या, विमा घ्या, भूखंड घ्या, असे सांगणारे फोन ऐन जेवणाच्या वेळी येतात. त्यांना आळा घालण्यासाठी २००७ साली एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. ज्याला असे फोन नकोत, त्याला १९०९ ह्या क्रमांकावर तशी नोंद करता येते व तक्रारही देता येते. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ह्या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. बँका व सरकारी कार्यालये यांच्या कामाच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरविले गेले आहेत. ह्या व्यवस्थेविषयी एक गोष्ट मात्र बोलून दाखविली पाहिजे. ज्याला उपद्रव नको, त्यानेच अर्ज करावयाचा, ही मूळचीच वाकडी रीत आहे. दारावर कोणी आरडाओरडा करू नये म्हणून घरमालकाने सरकारदरबारी नाव नोंदवावे, असे कोणी म्हटले तर आपण हसू. असो. हा उपद्रव कितीही कंटाळवाणा असला तरी तो माणसाची झोप उडवीत नाही.

झोप उडविणारे निनावी फोन निराळेच. त्यांत बोलणारा नाव सांगत नाही किंवा खोटे सांगतो. कधी तो काहीच बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. कधी घाणेरडे बोलतो, कधी धमकावतो, कधी गोड बोलून पैसे उकळू पाहतो. ह्यांचा बंदोबस्त कसा करावा, हा खरा प्रश्न आहे.

ह्यावर शहरांतून एक सोपा उपाय सांगितला जातो. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन मुळी उचलूच नये, असा तो उपाय. पुण्यामुंबईच्या माणसाला तो पुरत असेल, परंतु जळकोटसारख्या भागात तो सर्वस्वी लागू पडत नाही. ह्या मुलखातील कितीतरी घरांतील माणसे पोटापाण्यासाठी बाहेर असतात. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणी ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या फडात. त्यांच्या फोनमधील पैसे संपतात, फोन चिखलात पडून बिघडतो, मग ती माणसे सोबत्याच्या फोनवरून घरी बोलतात. अनोळखी आकडे दिसताच फोन न उचलणारी आई कदाचित आपल्या मुलाचाच फोन चुकवीत असेल. तुरीच्या भावाची चौकशी, पीकविम्याची पाहणी, दवाखान्यातील निरोप, ह्यांसाठीही परक्या क्रमांकावरून फोन येतात. म्हणून दार कायमचे लावून घेण्याचा सल्ला येथे निरुपयोगी आहे. दार उघडावे, परंतु उंबरठ्यावर उभे राहूनच विचारावे, "आपण कोण? कोणाकडे काम आहे?" पोटचा मुलगा असेल तर तो पहिल्याच शब्दाला ओळख देईल. कामाचा माणूस असेल तर नाव, गाव आणि काम तीनही सांगेल. जो तिन्हींपैकी एकही सांगत नाही आणि उलट आपलेच नाव विचारतो, त्याला उत्तर देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही. फोन ठेवून द्यावा. हा उद्धटपणा नव्हे.

हे शेवटचे वाक्य मुलांच्या बाबतीत अधिक स्पष्ट केले पाहिजे. मोठ्या माणसाने हाक मारली की ओ द्यावी, मोठी माणसे बोलत असताना मध्येच निघून जाऊ नये, असे आपण मुलांना शिकवितो आणि ते योग्यच आहे. पण फोनवरचा जाड आवाज ऐकून मुले त्या आवाजालाही वडीलधाऱ्यांचा मान देतात, आणि फोन ठेवणे त्यांच्या जिवावर येते. मान हा माणसाला द्यावयाचा असतो. ज्याने आपले माणूसपणच लपविले, तो कितीही दरडावून बोलला तरी तो मानाचा अधिकारी होत नाही.

ह्यात मुलांना विशेष महत्त्व आहे, आणि ते का, हे कोणत्याही वाडीवर गेले तर दिसून येईल. आजीला फोनवरील बारीक अक्षरे दिसत नाहीत, आजोबांना इंग्रजी आकडे लवकर उमगत नाहीत. मग फोन वाजला की हाक येते, "बघ रे, कोणाचा आहे!" आणि सहावी-सातवीतील नातू धावत येतो. फोन तोच उचलतो, निरोप तोच वाचून दाखवितो, बँकेकडून आलेला सहा आकड्यांचा गुप्त संकेतही तोच मोठ्याने वाचतो. पूर्वी पी. पी. क्रमांकावर शेजारी जे काम करीत, ते आता ह्या मुलाकडे आले आहे. घराचा उंबरठा बारा वर्षांच्या मुलाच्या हाती आहे, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

त्याने पहिली गोष्ट ही जाणावी की पडद्यावर दिसणारा क्रमांक म्हणजे पुरावा नव्हे. परक्या माणसाने सांगितलेले नाव जसे खरे किंवा खोटे असू शकते, तसाच क्रमांकही. इंटरनेटच्या मार्गाने फोन करून पडद्यावर भलताच क्रमांक उमटविण्याची युक्ती लबाडांना साधलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने, परदेशातून येणारे पण पडद्यावर भारतीय क्रमांक दाखविणारे फोन अडविण्याची यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच असे सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडविले गेल्याचे विभागाने जाहीर केले. यावरून ह्या बनावाचा व्याप केवढा असेल याची कल्पना यावी. म्हणून "क्रमांक आपल्याकडचाच दिसतो" एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट भीतीविषयी. अलीकडे एक नवाच प्रकार निघाला आहे. फोनवरचा माणूस सांगतो, "मी पोलीस अधिकारी बोलतो आहे. तुमच्या नावाच्या पुडक्यात अमली पदार्थ सापडले आहेत. तुम्हाला फोनवरच अटक करण्यात येत आहे. कॅमेऱ्यासमोरून हलू नका आणि घरात कोणाला सांगू नका." ह्याला 'डिजिटल अटक' असे भारदस्त नाव देण्यात आले आहे. भारतातील कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात ही गोष्ट देशाला सांगितली, आणि असा फोन आल्यास थांबावे, विचार करावा व मग कृती करावी असा सल्ला दिला. अशा फोनाला केवळ अडाणी माणसेच बळी पडतात असे कोणास वाटेल, तर ते खरे नाही. वर्धमान ह्या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ साली अशाच टोळीने फसविले. सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचा बनावट देखावा त्यांना पडद्यावर दाखविण्यात आला आणि त्यांच्याकडून सात कोटी रुपये उकळण्यात आले. एवढा अनुभवी उद्योगपती जेथे फसला, तेथे तांड्यावरच्या आजीने फसल्याबद्दल लाजून कोपऱ्यात बसण्याचे कारण नाही. तिने लगेच सांगितले पाहिजे. पैसे गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक असते. ओसवाल यांच्या रकमेपैकीही मोठा भाग पोलिसांना परत मिळविता आला.

ह्या साऱ्या प्रकारात एक वाक्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. "घरात कोणाला सांगू नका," हे ते वाक्य. पैसे उकळणारा ते म्हणतो, धमकी देणारा म्हणतो, आणि मुलींना त्रास देणाराही म्हणतो. नाव लपविणाऱ्याचे सारे बळ ह्या एका वाक्यात असते. खरा पोलीस, खरा शिक्षक, खरा बँकेतला माणूस मुलाला आईबापांपासून लपवाछपवी करावयास कधीही सांगणार नाही. हे वाक्य कानावर पडले की पलीकडचा माणूस कोण आहे ते समजले. पुढील संभाषणाची गरज उरत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा विचार करावयाचा, तिच्याकडे वळले पाहिजे. जळकोट तालुक्यातून उदगीरला, अहमदपूरला एस. टी.ने शिकावयास जाणाऱ्या मुली आहेत. गाडी चुकली, पाऊस आला, उशीर झाला, तर घरी कळविता यावे म्हणून त्यांच्याजवळ साधासा फोन दिलेला असतो. कित्येक घरांत त्या फोनाच्या बळावरच आईने मुलीला परगावी शिकावयास पाठविण्याचे धैर्य केलेले असते. अशा एखाद्या मुलीच्या फोनवर रात्री कोणीतरी निनावी माणूस बोलू लागतो. क्रमांक त्याला कोठून मिळाला, हे तिला ठाऊक नसते. कदाचित तो दुकानातील वहीतून मिळालेला असतो. २०१७ च्या आरंभी उत्तर प्रदेशातील काही रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे क्रमांक पैसे घेऊन विकले जात असल्याचे वृत्तपत्रांतून उघड झाले होते. तेव्हापासून दुकानात क्रमांक मोठ्याने न सांगण्याची काळजी शहाणी माणसे घेतात. परंतु आपल्या मुलीने काळजी घेतली नाही म्हणून हे घडले, असा सोयीचा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये.

ती मुलगी हे घरी सांगत नाही. का सांगत नाही? तिला निनाव्या माणसाची भीती वाटते हे तर खरेच, पण त्याहून अधिक भीती तिला घरच्या निकालाची वाटते. "फोन काढून घ्या." "उदगीरला जाणे बंद." "चांगले स्थळ पाहा आणि लग्न उरकून टाका." हे निकाल तिने शेजारच्या घरी लागलेले पाहिलेले असतात. म्हणजे ज्याने गुन्हा केला तो कोठेतरी मजेत हसत बसणार, आणि शाळा मात्र हिची सुटणार. चोराला सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. निनावी फोन करणाऱ्याने तिचे पाच मिनिटांचे स्वास्थ्य घालविले असेल, पण असा निकाल देणारे घर तिचे सारे आयुष्य बदलून टाकते.

बापाच्या मनातील भीतीला काहीच आधार नाही असे नव्हे. गावात चर्चा होते, मुलीच्या नावाला बोट लागते, आणि लोकांची तोंडे धरता येत नाहीत. परंतु लोकांच्या तोंडांसाठी मुलीचा फोन बंद करणे म्हणजे चोरी झाली म्हणून घराचा दिवा मालवून बसण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला होता. मुले खेळांत आणि पडद्यात बुडून जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू चांगला होता आणि त्याविषयी वाद नाही. परंतु निनाव्या फोनावर बंदी हा उतारा नाही. बंदी असलेल्या घरातही आईचा फोन वाजतोच, आणि तो उचलण्यासाठी हाक मुलालाच येते.

ह्या बाबतीत उत्तर प्रदेशातच एक चांगला प्रयोग झाला, तो सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील पोलिसांनी स्त्रियांसाठी १०९० हा क्रमांक सुरू केला. त्याचे नियम मोठ्या विचाराने केलेले होते. तक्रार घेणारी व्यक्ती स्त्री पोलीसच असावी, तक्रार करणारीचे नाव बाहेर जाऊ नये, तिला पोलीस ठाण्यात बोलावू नये, आणि त्रास थांबेपर्यंत पोलिसांनी तिच्याशी संपर्क ठेवावा. तक्रार आली की पोलीस त्रास देणाऱ्याच्या क्रमांकावर स्वतःच फोन करीत आणि त्याला समज देत. दुसऱ्याच्या नकळत बोलणाऱ्याला पलीकडून त्याच्याच नावाने हाक येई! ज्या अंधाराच्या आधाराने तो शूर झाला होता, तो अंधारच त्याच्यापासून काढून घेतला जाई. आणि मुलीचे नाव मात्र झाकलेले राही. झाकावयाचे कोणाचे आणि उघडे करावयाचे कोणाचे, हे ह्या योजनेने नेमके ओळखले. घरांनीही ते ओळखण्यास हरकत नाही.

कायदाही मुलीच्याच बाजूला आहे. भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली, तेव्हा दूरध्वनीचा शोधही लागलेला नव्हता. तरीसुद्धा तिच्या ५०७ व्या कलमात असे म्हटले होते की नाव किंवा ठिकाण लपवून कोणी धमकी दिली, तर धमकीच्या शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद देता येईल. निनावी पत्रांचा तो काळ होता. समोर येऊन धमकावणाऱ्यापेक्षा लपून धमकावणारा अधिक दोषी, हा न्याय तेव्हाच मान्य झालेला होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्या ३५१ व्या कलमात हा न्याय कायम ठेवण्यात आला. त्याच संहितेच्या ७८ व्या कलमानुसार, स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यानंतरही एखादा पुरुष तिच्याशी वारंवार संपर्क साधू लागला, तर तो गुन्हा होतो. म्हणून एकदा, फक्त एकदाच, "पुन्हा फोन करू नका," असे स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यानंतर मात्र एक शब्दही बोलू नये. शिव्या देऊ नयेत, विनवण्या करू नयेत, "तू आहेस तरी कोण?" म्हणून वादही घालू नये. निनाव्या माणसाला उत्तराची भूक असते. राग काय नि रडणे काय, त्याला दोन्ही सारखीच गोड लागतात.

मग वहीचे एक पान घ्यावे. त्यावर तारीख, वेळ आणि क्रमांक लिहावा. संदेश आला असेल तर किळस वाटली तरी तो पुसून टाकू नये, कारण तोच पुढे साक्षीदार होतो. हे झाल्यावर क्रमांक रोखून टाकावा. आणि त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, घरातील एका मोठ्या माणसाला किंवा शिक्षकांना सांगावे. वारंवार त्रास होत असेल तर पोलीस ठाण्यात ती वही दाखवावी. कोणत्या क्रमांकावरून, केव्हा फोन आला, याची नोंद फोन कंपनीकडे असते. ती तुम्हाआम्हाला मिळत नाही, पण पोलिसांना मिळते. संकटाच्या वेळी ११२ हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. फसवणुकीचा संशय आलेले फोन कळविण्यासाठी दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' ह्या व्यवस्थेत मार्च २०२४ पासून 'चक्षू' नावाची सोय झालेली आहे. परंतु ह्या सर्वांआधी घरात एक ठराव झाला पाहिजे. आईबापांनी मुलांना शांतपणे सांगून ठेवावे, "असा फोन आला आणि तू आम्हाला सांगितलेस, तर तुझा फोन जाणार नाही, तुझी शाळा जाणार नाही." फोन येण्यापूर्वी हे सांगून ठेवले असेल, तर मूल सांगावयास येते. मागाहून किती समजूत घातली तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती मुलांना आवडणार नाही. सगळेच निनावी फोन दूरदेशीचे लबाड करतात असे नाही. सुट्टीच्या दिवशी पारावर तीन-चार मुले जमतात. एकाजवळ फोन असतो. मग आकडे मनाला येतील तसे दाबावयाचे, कोणी उचलला की आवाज बदलून काहीबाही बोलावयाचे आणि हसत हसत फोन ठेवावयाचा, असा खेळ सुरू होतो. त्यांच्या दृष्टीने ती गंमत असते. पण फोन कोठे वाजला ते त्यांना दिसत नाही. तो एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी वाजला असेल. परगावी गेलेल्या मुलाच्या फोनाची वाट पाहत बसलेल्या आईने तो धावत येऊन उचलला असेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड करण्याचा ठराव केला. चावडीवर शिवी देणाऱ्याचे तोंड निदान दिसते, म्हणून त्याला दंड तरी करता येतो. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून तेथे जीभ अधिकच सैल सुटते.

मात्र हे तोंड फार दिवस झाकलेले राहणार नाही असे दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली की फोन करणाऱ्याने सिमकार्ड घेताना जे नाव दिले असेल, ते फोन घेणाऱ्याच्या पडद्यावर दिसावे. दारावरची जुनी रीत यंत्राच्या मार्गाने परत येऊ पाहत आहे. आता खेड्यातील बहुतेक मुलांच्या हातातील सिमकार्ड वडिलांच्या नावावर घेतलेले असते. तेव्हा पारावर बसून पोराने गंमत म्हणून लावलेल्या फोनावर, परक्या घराच्या पडद्यावर, त्याच्या बापाचे नाव आडनावासह उमटेल. आणि त्या घरचा माणूस पुढच्या बाजारच्या दिवशी त्या बापाला गाठून चारचौघांत विचारील, "परवा रात्री फोन केला होतात, काय काम होते?"